सुटलेला ताबा, गोठलेला ताबा

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ग्रेडी मेमोरियल नावाचे मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. रक्तदाब, मधुमेह अशा रोजच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायका तिथे आपला नंबर लागायची वाट पाहत बसलेल्या असतात. त्यांच्याशी तिथेच, त्या बाकांवर बोलून संशोधकांनी आघातावरचा एक दीर्घ अभ्यास उभा केला. बहुतेक जणी कृष्णवर्णीय, गरीब वस्त्यांतल्या. त्यांतल्या अनेकींच्या वाट्याला मारहाण आलेली, बलात्कार आलेला, किंवा त्यांनी डोळ्यांदेखत कुणाला मारले जाताना पाहिलेले. तान्या योवानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांपैकी सुमारे चाळीस जणींना एमआरआय यंत्रात झोपवून एक साधे काम दिले. पडद्यावर अक्षर आले की बटण दाबायचे, मात्र ठरलेली खूण दिसली तर हात आवरायचा. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी होता, त्यांच्यात हात आवरण्याच्या क्षणी कपाळामागच्या मेंदूचा खालचा, मधला भाग इतरांपेक्षा कमी जागा झाला. आणि हा भाग जिचा कमी जागा होत होता, तिला ‘आता धोका नाही’ अशी खूण मिळाल्यावरही भीती खाली आणणे अवघड जात होते.

बोट आवरणे आणि भीती आवरणे ही वरवर किती वेगळी कामे. पण दोन्हींना लागणारा ब्रेक बऱ्याच अंशी एकच आहे, असे हा छोटा प्रयोग सुचवतो.

मी या विषयाकडे वळलो तो आपल्या भाषेमुळे. ‘तिचा जिभेवर ताबा नाही.’ ‘एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येते.’ ‘मनाला आवर घालायला शिक.’ आणि दुसऱ्या टोकाला ‘किती सोशिक आहे बिचारी, तोंडातून शब्द नाही.’ बाईचा संयम हा आपण तिच्या स्वभावाचा, संस्कारांचा, फार तर माहेरच्या वळणाचा भाग समजतो. ‘धसका घेतला’ हा नेमका शब्दप्रयोग आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, पण धसका आणि ताबा यांचे नाते आपण जुळवत नाही. गेल्या तीस वर्षांच्या मेंदूविज्ञानाने ते जुळवायचा प्रयत्न केला आहे. त्यात काय हाती लागले, काय अजून डळमळीत आहे, आणि कोणती गोष्ट आपल्या नजरेतून सुटते आहे, हे मांडायचे आहे.

आधी ‘जोडणी’ म्हणजे काय ते. 1995 मध्ये भरत बिस्वाल हे विस्कॉन्सिनमध्ये शिकत असताना त्यांच्या लक्षात आले की माणूस यंत्रात नुसता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे, हालचाल घडवणारे भाग एकाच लयीत मंदपणे वरखाली होत असतात. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे चटकन कळेल. दहा कोसांवरच्या दोन गावांचे दिवे रोज एकाच वेळी जातात आणि एकाच वेळी येतात, तेव्हा ती एका फीडरवर आहेत असे आपण म्हणतो. तार कुणी पाहिलेली नसते. मेंदूतली ‘कार्यात्मक जोडणी’ ही अशीच अनुमानाने काढलेली गोष्ट आहे. दोन भाग एकत्र वरखाली होतात, म्हणून ते एकमेकांशी बोलत असावेत. या ‘असावेत’चा विसर पडला की मेंदूच्या रंगीत चित्रांवरून वाटेल ते बोलले जाते.

अशा अनेक ‘फीडरां’पैकी तीन आपल्या विषयात महत्त्वाचे. एक स्वतःकडे वळलेल्या मनाचे जाळे. काही काम नसताना आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याची चिंता यांत ते गुंतलेले असते. दुसरे कामाचे जाळे, म्हणजे लक्ष धरून ठेवणे, हिशेब करणे, मोह टाळणे. तिसरे पहारेकऱ्याचे. इन्सुला हा मेंदूच्या घडीत दडलेला भाग आणि सिंग्युलेट या आतल्या पट्ट्याचा पुढचा भाग मिळून ‘आता कशाकडे लक्ष द्यायचे’ हे ठरवतात आणि त्याप्रमाणे पहिल्या दोघांत अदलाबदल घडवतात. विनोद मेनन यांनी 2011 मध्ये मांडले की अनेक मानसिक विकारांत बिघाड एखाद्या सुट्या भागात नसतो, तो या तिघांच्या ताळमेळात असतो. मला ही मांडणी पटते, कारण ती ताबा या गोष्टीला एका जागी बसवत नाही. मेंदूत ‘संयमाची गाठ’ अशी कुठे नाही. संयम हे नाते आहे.

हे नाते तणावात कसे बदलते, याची सर्वांत स्पष्ट रासायनिक कहाणी येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टन यांच्या प्रयोगांतून पुढे आली. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग फार नाजूक रसायनमेळावर चालतो. भीतीच्या क्षणी नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन यांचा पूर आला की या भागातल्या पेशींचे आपसांतले जोड सैल पडतात. त्याच पुराने अमिग्डला, म्हणजे धोक्याची घंटा, आणि सवयीने वागणारे खोल भाग मात्र तेज होतात. वाघ समोर असताना विचार करत बसणारा प्राणी टिकला नसता, म्हणून ही व्यवस्था. पण ज्या बाईच्या घरात वाघ रोज संध्याकाळी सात वाजता दार वाजवतो, तिच्या मेंदूला ही स्थिती ‘तात्पुरती’ राहत नाही. 2007 मध्ये अमित एटकिन आणि टोर वेगर यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पीटीएसडीमध्ये अमिग्डला आणि इन्सुला जास्त पेटलेले आणि कपाळामागचा मधला भाग मंदावलेला, हा नमुना त्यात उठून दिसला.

मग बायकांचेच वेगळे काय? अमेरिकेत 1995 मध्ये रोनाल्ड केसलर यांच्या चमूने देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेल्या स्त्रिया 10.4 टक्के, पुरुष 5 टक्के. दुपटीचा हा फरक नंतरच्या पाहण्यांतही आला आणि ‘बायका मुळातच हळव्या’ असा निष्कर्ष काढायला तो सोयीचा पडला. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. ज्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग बलात्कार हा होता, अशा पुरुषांपैकी 65 टक्क्यांना पीटीएसडी झाला, स्त्रियांपैकी सुमारे 46 टक्क्यांना. म्हणजे तोच प्रसंग पुरुषाच्या वाट्याला आला तर तोही मोडतो. फरकाचा मोठा भाग कुणावर काय ओढवते यात आहे. लैंगिक अत्याचार, तोही ओळखीच्या माणसाकडून, लहान वयात, पुन्हा पुन्हा. यात मुलींची संख्या जास्त आहे.

संप्रेरकांचा वाटा नाहीच असे मात्र नव्हे. पण तो एकरेषी नाही. रेबेका शान्स्की आणि आर्न्स्टन यांना 2004 मध्ये दिसले की इस्ट्रोजेन चढलेले असताना मादी उंदरांची स्मरणाची कामे थोड्या तणावानेही कोसळतात. उलट माणसांवरच्या कामात, ज्यात मोहम्मद मिलाद यांचे नाव पुढे आहे, इस्ट्रोजेन कमी असते त्या काळात ‘आता धोका नाही’ हा धडा टिकवणे बायकांना जड जाते असे आढळले. ग्रेडीच्याच अभ्यासातून 2011 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या कामात तणावाशी संबंधित एक प्रथिन आणि त्याचा ग्राहक (रिसेप्टर) यांचा पीटीएसडीशी संबंध फक्त स्त्रियांत दिसला, आणि तो ग्राहक घडवणाऱ्या जनुकाचा धागा इस्ट्रोजेनपर्यंत जातो. एका ठिकाणी इस्ट्रोजेन वाढले तर त्रास, दुसऱ्या ठिकाणी घटले तर. यावरून ‘पाळीमुळे बायकांचा ताबा सुटतो’ असे म्हणणाऱ्याने हे संशोधन वाचलेले नाही, एवढे खात्रीने सांगता येते.

आता बायकांच्या मेंदूतल्या जोडण्यांकडे. कॅनडातल्या लंडन (ऑन्टारिओ) इथे रुथ लॅनियस यांचा गट वर्षानुवर्षे बालपणी अत्याचार झालेल्या स्त्रियांबरोबर काम करतो आहे. 2009 मध्ये या गटाने अशा 17 स्त्रियांची 15 निरोगी स्त्रियांशी तुलना केली. पहिल्या गटात स्वतःकडे वळलेल्या मनाच्या जाळ्यातले भाग एकमेकांशी पुरेसे जोडलेलेच नव्हते. स्वतःची सलग गोष्ट मनाशी सांगणारे जाळेच विस्कटलेले. ‘मला माझेच कळत नाही’ असे अनेक जणी म्हणतात, त्याला यातून एक आकार मिळतो. याच गटाच्या पुढच्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेल्यांना लक्ष लागणारे काम दिल्यावर इतरांप्रमाणे कामाचे जाळे पुढे सरसावले नाही, स्वतःकडे वळलेले जाळेच जागे राहिले. अदलाबदल अडखळली. भाजी फोडणीला टाकून ती जळेपर्यंत शून्यात पाहत उभी राहणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला आपण वेंधळी म्हणतो.

लहान वयात काय झाले, याचेही वेगवेगळे ठसे उमटतात. ख्रिस्तीन हाइम आणि जेन्स प्रुसनर यांनी 2013 मध्ये 51 स्त्रियांच्या मेंदूच्या सालीची जाडी मोजली. ज्यांच्यावर बालपणी लैंगिक अत्याचार झाला होता, त्यांच्यात शरीराच्या त्याच अवयवांची संवेदना नोंदवणारा पट्टा पातळ होता. ज्यांना सतत हिणवले, झिडकारले गेले होते, त्यांच्यात स्वतःची जाणीव ठेवणारे भाग पातळ होते. संशोधकांचा तर्क असा, की वाढता मेंदू असह्य संवेदना आत येण्याचे दारच अरुंद करून घेतो. हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण मी वाचलेल्या या विषयावरच्या सगळ्या लेखनात यानेच मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले.

दार अरुंद करणे. इथून विषय त्या दुसऱ्या टोकाकडे, सोशिकपणाकडे वळतो.

1974 मध्ये अॅन बर्जेस या परिचारिका-प्राध्यापिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ यांनी बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये बलात्कारानंतर आणल्या गेलेल्या 92 प्रौढ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित निबंध लिहिला. तोवर अशा स्त्रीने रडले, ओरडले पाहिजे ही अपेक्षा डॉक्टर आणि पोलीस दोघांचीही होती. या दोघींना दिसले की सुमारे निम्म्या रडत होत्या, थरथरत होत्या, चिडत होत्या, आणि तितक्याच जणी शांत, सावरलेल्या, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या होत्या. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकारांच्या यादीत 1980 मध्ये आले, आणि ते व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्याने आले. त्यामुळे दचकणे, भडकणे, रात्री ओरडून उठणे ही लक्षणे चित्राच्या मध्यभागी राहिली. शांत बसलेली बाई कडेला गेली.

लॅनियस यांच्या गटाने तिला परत मध्ये आणले. आपल्याच आघाताचे वर्णन ऐकवल्यावर काहींचे हृदय धडधडू लागे, कपाळामागचा ब्रेक सैल आणि अमिग्डला मोकाट. पण साधारण तिसऱ्या हिश्श्यातल्या व्यक्ती म्हणत, ‘मी वरून पाहत होते’, ‘अंग माझे नव्हतेच’. त्यांच्यात नेमके उलटे होते. कपाळामागचे भाग अतोनात जागे आणि भावनेचे भाग दाबून धरलेले. 2010 मध्ये त्यांनी हे मांडले आणि 2013 च्या नव्या यादीत ‘विलगीकरण असलेला’ हा उपप्रकार मान्य झाला. म्हणजे आघात ताबा सोडवतो तसाच तो ताबा आवळतोही. ब्रेकवर पाय घट्ट रुतून बसलेली गाडी आणि ब्रेक निकामी झालेली गाडी, दोन्ही नादुरुस्तच. आपण मात्र एकीला ‘चवताळलेली’ म्हणतो आणि दुसरीचे सत्यनारायणाच्या पूजेत बायकांत कौतुक करतो. माझे ठाम मत आहे की सोसणे म्हणजे संयम नव्हे. संयमात निवड असते. आता बोलू की नंतर, थांबू की निघू, हे ठरवता येणे म्हणजे संयम. जिला काही जाणवतच नाही, तिच्याकडे ठरवायला काही उरलेले नसते.

याचा टोकाचा प्रकार अत्याचाराच्या क्षणीच घडतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या विशेष केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले. हात हलेना, आवाज फुटेना. जवळजवळ निम्म्या जणींत हे गोठणे अत्यंत तीव्र होते. आणि ज्या गोठल्या त्यांना पुढे सहा महिन्यांनी पीटीएसडी होण्याची शक्यता जास्त होती. बकरीचे पिल्लू लांडग्याच्या तोंडात निपचित पडते, तशीच ही मेंदूच्या खोल भागाची जुनी आज्ञा. तिच्यावर इच्छाशक्तीचा हुकूम चालत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे उशिरा पोचल्याची किंमत एका खटल्यात दिसली. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यातून प्रतिकार झाला नसल्याचे अनुमान काढले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. शरणागती आणि संमती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे कायदेपंडितांना मेंदूची चित्रे न पाहताही दिसले होते. पण शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे वाक्य प्रत्यक्ष कलमात यायला 2013 उजाडले.

आता शंका. आढावा घेणाऱ्याने त्या लपवणे बरे नाही.

पहिली कार्यकारणाची. नव्वदच्या दशकात व्हिएतनामच्या सैनिकांत आणि पाठोपाठ, 1997 मध्ये, बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांत, स्मरणाशी निगडित हिपोकॅम्पस लहान आढळला. स्त्रियांत डाव्या बाजूचा सुमारे 5 टक्क्यांनी. आघाताने मेंदू आक्रसतो, असा बोलबाला झाला. 2002 मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी जुळ्या भावांचा अभ्यास केला. एक युद्धावर गेलेला, दुसरा घरीच. युद्धावर जाऊन पीटीएसडी झालेल्याचा हिपोकॅम्पस लहान होता, पण घरी राहिलेल्या त्याच्या जुळ्याचाही तसाच होता. म्हणजे निदान काही अंशी तो आकार आघाताच्या आधीचा. जोडण्यांच्या बाबतीतही हीच शंका उभी राहते, आणि एकदाच काढलेल्या चित्रातून तिचे उत्तर मिळत नाही.

दुसरी शंका संख्येची. वर मी 17, सुमारे चाळीस, 51 असे आकडे दिले, ते मुद्दाम. 2022 मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की मेंदूची रचना किंवा जोडणी आणि वागणूक यांतला संबंध भरवशाने पकडायचा तर हजारो माणसे लागतात. छोट्या गटांतले मोठे फरक बरेचदा टिकत नाहीत. टिकलेली गोष्ट आहे, पण ती माफक आहे. जगभरातल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन 3047 प्रौढांच्या मेंदूतले तंतुमार्ग तपासले, तेव्हा पीटीएसडी असलेल्यांत दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या भागात फरक आढळला. फरक खरा, पण बारीक. एखाद्या बाईचे स्कॅन पाहून ‘हिच्यावर आघात झाला आहे’ असे आज कुणीही सांगू शकत नाही. तसे सांगणारे भेटले तर पैसे न देता परत यावे.

बरे होण्याविषयी थोडक्यात, कारण इथे गोष्ट तुलनेने सरळ आहे. आठवणीला सुरक्षित जागी, हळूहळू सामोरे जाण्याची एडना फोआ यांची पद्धत आणि आघाताभोवती गुंफलेले विचार तपासण्याची पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत, दोन्ही बलात्कार झालेल्या स्त्रियांबरोबर काम करतानाच घडल्या आणि दोन्हींचा पुरावा भक्कम आहे. योगाचाही एक अभ्यास आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी 2014 मध्ये, इतर उपचारांनी न सुधारलेल्या 64 स्त्रियांवर केलेला. दहा आठवड्यांनी योग करणाऱ्यांपैकी 52 टक्के स्त्रिया निदानाच्या बाहेर आल्या, आरोग्यशिक्षणाच्या गटातल्या 21 टक्के. अभ्यास लहान आहे, योग हा उपचाराला पर्याय नव्हे. पण त्यातली एक बाब मोलाची वाटते. तिथे कुठलेही आसन सक्तीचे नव्हते. हवे तर करा, नको तर थांबा. जिच्या शरीराचे निर्णय दुसऱ्याने घेतले, तिला हात उचलायचा की नाही हे स्वतः ठरवता येणे, हीच कसरत.

आणि आता ती गोष्ट, जी मला या साऱ्या विषयात सर्वांत दुर्लक्षित वाटते. आघात म्हणताना आपण मनाचा आघात म्हणतो. पण मारहाणीत डोके भिंतीवर आदळते. गळा दाबला जातो, मेंदूचा प्राणवायू तुटतो. ईव्ह वॅलेरा विद्यार्थिदशेत मार खाणाऱ्या स्त्रियांच्या निवाऱ्यात काम करत होत्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर कपाटभर संशोधन होते, या बायकांच्या मेंदूवर जवळपास काहीच नव्हते. 2003 मध्ये त्यांनी 99 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ तीन चतुर्थांश जणींना जोडीदाराच्या हातून निदान एकदा मेंदूची इजा झाली होती, निम्म्यांना अनेकदा. 2017 मध्ये त्यांनी आणि आरन कुची यांनी 20 स्त्रियांच्या मेंदूतल्या जोडण्या पाहिल्या. इजा जितकी जास्त, तितकी पहारेकरी इन्सुला आणि स्वतःकडे वळलेल्या जाळ्याचा मागचा भाग यांतली जोडणी क्षीण. आणि ती जितकी क्षीण, तितके शिकणे आणि लक्षात ठेवणे अवघड. गट लहान आहे, मारेक यांची शंका इथेही लागू. पण प्रश्न पाठ फिरवण्यासारखा नाही. ‘हिच्या काही लक्षात राहत नाही, सांगितलेले विसरते, म्हणून मार खाते’ असे म्हणणाऱ्या घरात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असू शकते.

आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. गोव्यात विक्रम पटेल यांच्या चमूने सुमारे अडीच हजार स्त्रियांशी बोलून 2006 मध्ये दाखवून दिले की नवऱ्याची हिंसा आणि बाईचे नैराश्य, चिंता, अंगदुखी, थकवा यांचा घट्ट संबंध आहे. या बायका मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीत. त्या जातात नगरपालिकेच्या दवाखान्यात, डोकेदुखी घेऊन, चक्कर घेऊन, झोप नाही म्हणून. हे ओळखूनच या शतकाच्या आरंभी मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. बाई जखम दाखवायला येते त्याच इमारतीत तिच्याशी बोलणारे कुणी असावे, एवढा साधा विचार. पुढे ते इतर रुग्णालयांत पोचले.

अपघात विभागाच्या केसपेपरवर आजही ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडली’ असे लिहिले जाते, टाके पडतात, बाई घरी जाते. टाके घालता घालता, नवरा बाहेर थांबलेला असताना, खालच्या आवाजात तिला आणखी चार प्रश्न विचारता येतील. याआधीही डोक्याला मार बसला होता का? त्यानंतर थोडा वेळ काहीच आठवत नव्हते, असे झाले होते का? कधी गळा आवळला गेला होता का? आणि हल्ली वस्तू कुठे ठेवली ते विसरायला होते, एकदम रडू येते, किंवा काहीच वाटेनासे होते, असे होते का, आणि होत असेल तर ते कधीपासून?